‘माइंडहंटर’मध्ये ‘काहीच घडत नाही’, ही तक्रार कितपत खरी?

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी त्याचा सारांश देते. विचारणाऱ्या बाईंनी ‘माइंडहंटर’चे दोन्ही सीझन लागोपाठ पाहिले आणि घरात दोन तट पडले. नवऱ्याचं म्हणणं, मालिका रटाळ आहे. माणसं टेबलाशी बसून नुसती बोलतात, ना पाठलाग ना गोळीबार, आणि शेवटी खुनी सापडला तरी सापडल्यासारखं वाटत नाही. बाईंचं म्हणणं, आजवर पाहिलेल्यांत ही सर्वांत खरी मालिका. त्यातला तरुण अधिकारी होल्डन समोरच्याचं मन वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. दुसरा सीझन भरकटला यावर मात्र दोघांचं एकमत. त्यातच कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ‘मला प्रोफायलर व्हायचंय’, म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगार कसा असेल ते सांगणारी तज्ज्ञ व्हायचंय, असं जाहीर केलंय. खऱ्या कामात यातलं किती असतं, हे त्यांना हवंय.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांशी तुरुंगात जाऊन बोलणं, त्यांचे अहवाल लिहिणं हे कित्येक वर्षं माझं काम होतं. आता तेच शिकवते. सलग खून करणारे लोक माझ्या वाट्याला फारच थोडे आले, कारण ते मुळात थोडेच असतात. पण टेबलाच्या त्या बाजूला बसलेला माणूस कसा बोलतो, कधी गप्प होतो, कधी आपल्याला खेळवतो, हे पुष्कळ पाहिलंय. त्या अनुभवावरून सांगते: तुमच्या यजमानांना जे रटाळ वाटलं ते मालिकेतलं सर्वांत खरं आहे, आणि तुम्हाला जे थरारक वाटलं त्याच्यावर जरा संशय घ्या.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. पहिला सीझन नेटफ्लिक्सवर ऑक्टोबर २०१७ मध्ये आला, दहा भागांचा. दुसरा ऑगस्ट २०१९ मध्ये, नऊ भागांचा. जो पेनहॉलने रचलेली ही मालिका एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेतल्या जॉन डग्लस या अधिकाऱ्याच्या १९९५ मधल्या पुस्तकावर आधारलेली आहे. होल्डन फोर्ड म्हणजे साधारण डग्लस, बिल टेंच म्हणजे त्याचा सहकारी रॉबर्ट रेस्लर, डॉ. वेंडी कार म्हणजे त्यांच्याबरोबर काम करणारी प्राध्यापक अ‍ॅन बर्जेस. नावं बदलली की लेखकाला मोकळीक मिळते आणि ती इथे भरपूर घेतलीय. खुन्यांची नावं मात्र खरी आहेत: एड केम्पर, रिचर्ड स्पेक, जेरी ब्रुडोस, चार्ल्स मॅन्सन, डेव्हिड बर्कोविट्झ. गोष्ट १९७७ पासून सुरू होते: ही माणसं तुरुंगातल्या अशा खुन्यांना भेटून त्यांच्याशी बोलतात.

आता ‘काहीच घडत नाही’विषयी. दर आठवड्याला दरवाजा तोडणाऱ्या पथकावर आपली एक पिढी वाढली. त्यामुळे तपास म्हटला की धावपळ हवी, असं आपल्या अंगवळणी पडलंय. ‘माइंडहंटर’मधली माणसं तपास करतच नाहीत, निदान पहिल्या सीझनमध्ये तरी मुख्यतः नाही. ती माहिती गोळा करतात. गावोगावच्या पोलिसांना प्रशिक्षण द्यायला जायचं, आणि जवळ तुरुंग असेल तर फावल्या वेळात तिथल्या एखाद्या नामचीन कैद्याला भेटून यायचं, अशीच खऱ्या डग्लस आणि रेस्लरची सुरुवात झाली. विमान, मोटेल, तुरुंगाचं फाटक, ओळखपत्र, वाट पाहणं. यातला वाट पाहण्याचा भाग मालिकेने चुकवला नाही, याचं मला कौतुक वाटलं. आपल्याकडेही परवानगीचं पत्र घेऊन गेलं की आधी ते पत्र आवक-जावकला जातं, मग अधीक्षक फेरीवर असतात, मग कैद्यांची गिनती चालू असते, मग तो कैदी नेमका कोर्टात तारखेला गेलेला असतो. प्रत्यक्ष बोलणं होतं तासभर, आणि त्यातला पाऊण तास जेवण चांगलं नाही, वकील फोन घेत नाही, फर्लोचा म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या रजेचा अर्ज फेटाळला, यात जातो. उरलेल्या पंधरा मिनिटांत एखादं वाक्य असं निघतं की त्याच्यासाठी सगळी खटपट केली असं वाटावं. ते न निघण्याचे दिवसच जास्त. मालिकेने ती पंधरा मिनिटं ताणून दाखवलीत, एवढीच काय ती सूट घेतलीय.

केम्परची दृश्यं बहुतेक सगळ्यांना आवडतात. कॅमेरन ब्रिटन या नटाला त्यासाठी एमी पुरस्काराचं नामांकनही मिळालं. खऱ्या केम्परच्या तुरुंगातल्या मुलाखतींचं चित्रण आजही पाहायला मिळतं. ते शेजारी लावून पाहा, बोलण्याची लय, चष्मा, हात ठेवायची पद्धत सगळं उचललंय. पण मला त्यात सर्वांत खरी वाटली ती एक बारीकशी गोष्ट. पहिल्याच भेटीत केम्पर होल्डनला सँडविच खाणार का म्हणून विचारतो. साडेसहा फुटांहून उंच, आठ जणांच्या खुनाची शिक्षा भोगणारा हा माणूस, आणि आल्यागेल्याची विचारपूस तो करतोय! पहारेकऱ्यांशी त्याची घसट आहे, शब्द टाकला की काम होतं. म्हणजे खोलीत यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे पहिल्या दोन मिनिटांत ठरून गेलं. होल्डनच्या ते लक्षात येत नाही. जुना मुरलेला कैदी असाच वागतो. ‘बसा मॅडम, पंखा लावू का?’ असं त्याने म्हटलं की नवशिक्या मुलींना वाटतं, किती सभ्य आहे! सभ्य असेलही. पण पंख्याचं बटण कुणाच्या हातात आहे, ते आधी पाहावं.

केम्पर जे बोलतो त्यावर प्रेक्षक ज्या सहजपणे विश्वास ठेवतात, ते पाहून मला काळजी वाटते. आई अशी होती, तिने असा अपमान केला, म्हणून माझं असं झालं. किती स्वच्छ, किती सुसंगत! पण ही गोष्ट सांगण्यात त्याची वर्षानुवर्षं गेलेली असतात. पंधराव्या वर्षी, १९६४ मध्ये, त्याने आजी-आजोबांना मारलं. मग मनोरुग्णालयात राहिला, तिथे चाचण्या घेण्याच्या कामात मदतनीस झाला, प्रश्न कसे असतात आणि कोणतं उत्तर डॉक्टरांना आवडतं हे शिकला. १९६९ मध्ये सुटला. मे १९७२ पासून त्याने पुन्हा खून सुरू केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासलं आणि आता याच्यापासून धोका नाही, असा निर्वाळा दिला. तोवर त्याने तीन मुलींना मारलेलं होतं. त्या अहवालाच्या जोरावर नोव्हेंबरमध्ये त्याचं अल्पवयातलं रेकॉर्ड मोहोरबंद झालं. माझ्या विद्यार्थ्यांना मी केम्परबद्दल एवढंच आधी सांगते. बाकीचं मालिका पाहून त्यांना पाठ असतंच.

आणि तो पकडला गेला कसा? कुणी पकडलाच नाही. एप्रिल १९७३ मध्ये आई आणि तिच्या मैत्रिणीचा खून करून तो गाडी हाकत कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावापर्यंत गेला आणि तिथल्या टेलिफोन बूथवरून त्याने कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या पोलिसांना फोन लावला. पोलिसांना आधी थट्टाच वाटली, कारण हा ‘बिग एड’ त्यांच्या नेहमीच्या बारमधला ओळखीचा माणूस!

पहिल्या सीझनच्या शेवटी इस्पितळात केम्पर होल्डनला मिठी मारतो ते दृश्य रचलेलं आहे, पण त्याच्यामागे एक खरा प्रसंग आहे. रेस्लर एकदा एकटाच केम्परला भेटायला गेला. बोलणं संपलं, त्याने पहारेकऱ्यासाठी बटण दाबलं, कुणी आलं नाही. पाळी बदलायची आणि जेवण वाटायची वेळ होती. केम्परने शांतपणे सांगितलं की मनात आणलं तर मी तुझं मुंडकं पिरगाळून टेबलावर ठेवू शकतो. रेस्लर बोलत राहिला, वेळ काढत राहिला. शेवटी पहारेकरी आला तेव्हा केम्पर म्हणाला, गंमत करत होतो हं. त्यानंतर एकट्याने जायचं नाही, असा नियम झाला. हा नियम आम्हीही पाळतो, किंवा पाळायला हवा असं म्हणू. मनुष्यबळ पाहता ‘हवालदार बाहेर उभा आहे’ याच्यावर बऱ्याचदा भागवावं लागतं.

टेपरेकॉर्डरची भानगड बऱ्याच प्रेक्षकांना ‘ऑफिसातलं राजकारण’ वाटून कंटाळवाणी झाली. माझ्या मते पहिल्या सीझनचा गाभा तिथेच आहे. १९६६ मध्ये शिकागोत आठ विद्यार्थिनी परिचारिकांना मारणारा रिचर्ड स्पेक बोलायला तयार नसतो. त्याला बोलतं करण्यासाठी होल्डन त्या मुलींविषयी अत्यंत घाणेरडं वाक्य बोलतो, जणू आपणही त्यातलेच. स्पेक खुलतो. मग ते वाक्य लेखी प्रतीतून वगळलं जातं, टेप मात्र राहते, आणि पुढे चौकशी लागते. इथे दोन प्रश्न गुंतलेत. असं बोलावं का, यावर मतभेद होऊ शकतात. कैद्याच्या भाषेत बोलणं आणि कैद्याच्या बाजूने बोलणं यांत फरक आहे, आणि तो खोलीत बसल्यावर वाटतो तितका ठसठशीत नसतो. वाक्य गाळण्याविषयी मात्र दुमत नाही. प्रश्न काय विचारला ते कागदावर नसेल, तर आलेल्या उत्तराची किंमत शून्य. एखाद्याला आपणच डिवचून बोलतं केलं आणि अहवालात ‘बंदी स्वतःहून म्हणाला’ असं लिहिलं, तर तो अहवाल फाडून टाकावा. होल्डनचे चाहते या ठिकाणी त्याची बाजू घेतात. मी वेंडीची घेते.

वेंडीचं पात्र थंड आहे, अशी तक्रार सगळीकडे दिसते. लेखकांनी तिला मानसशास्त्राची प्राध्यापक केलं, तिला वेगळं खासगी आयुष्य दिलं. खरी अ‍ॅन बर्जेस परिचर्याशास्त्रातली, म्हणजे नर्सिंगची, प्राध्यापक. समाजशास्त्रज्ञ लिंडा होल्मस्ट्रॉमबरोबर तिने बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये, आपत्कालीन विभागात आणल्या जाणाऱ्या बलात्कारपीडित स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. त्यांतल्या ९२ प्रौढ स्त्रियांच्या अनुभवावरून १९७४ मध्ये त्यांनी अत्याचारानंतरच्या मानसिक आघाताचं वर्णन मांडलं, जे पुढे जगभर वापरलं गेलं. एफबीआयला तिची आठवण झाली ती या कामामुळे. म्हणजे खुन्यांना काय विचारायचं, ते नीट कसं नोंदवायचं, ही शिस्त आली ती पीडितांचं ऐकून घेणाऱ्या एका नर्सकडून. एवढी जबरदस्त गोष्ट हाताशी असताना ती मालिकेने बाजूला ठेवली, याचं मला खरंच वाईट वाटतं. वेंडी थंड वाटते कारण तिच्या कामाचा उगमच दाखवलेला नाही.

त्या शिस्तीतून काय निघालं? प्रत्येक कैद्यामागे ५७ पानांचा तक्ता भरायचा, एकूण ३६ खुनी, त्यांतले २५ सलग खून करणारे, त्यांनी हल्ला केलेले ११८ जण. १९८८ मध्ये त्याचा ग्रंथ आला. गुन्ह्याच्या जागेवरून गुन्हेगार ‘संघटित’ (आखून गुन्हा करणारा) की ‘विस्कळीत’ (न आखता करणारा) हे ओळखायची जी भाषा मालिकेत ऐकू येते ती याच कामातली. आता ३६ या आकड्याकडे पाहा. सगळे पुरुष, सगळे पकडले गेलेले, सगळे बोलायला राजी. जे सापडलेच नाहीत, जे बोललेच नाहीत, ज्या बायका होत्या, ते कुणीच यात नाहीत. १९७९-८० मध्ये कुणाकडे तेवढंही नव्हतं, म्हणून त्या कामाचं मोल मोठं. पण त्याला यंत्राची अचूकता चिकटवणं चूक. डेव्हिड कँटर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या १०० सलग खुन्यांच्या गुन्ह्यांवर ही विभागणी तपासली, तर असे दोन वेगळे गट काही निघेनात. बहुतेक गुन्ह्यांत दोन्हींची सरमिसळ.

मन वाचण्याबद्दल तर याहून गमतीची गोष्ट आहे. लॉरेन्स अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग मांडला. एका खऱ्या खुनाच्या तपासासाठी केलेलं गुन्हेगाराचं वर्णन पोलीस अधिकाऱ्यांना वाचायला दिलं. काहींना खऱ्या खुन्याची माहिती दिली, काहींना पूर्ण वेगळ्या, रचलेल्या माणसाची. वर्णन किती जुळतं, असं विचारल्यावर दोन्ही गटांना ते सारखंच जुळलेलं वाटलं. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य जसं सगळ्या सिंह राशीवाल्यांना लागू पडतं, तसंच हे. ‘त्याला स्त्रियांशी नातं टिकवता येत नाही, तो हुशार आहे पण क्षमतेपेक्षा खालचं काम करतो’ हे वाक्य घ्या आणि आपल्या ओळखीच्या किती पुरुषांना बसतं ते मोजा. ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये गॅरी कॉप्सनने १८४ प्रकरणांत पोलिसांनाच विचारलं होतं: प्रोफायलरच्या सल्ल्यामुळे गुन्हेगाराची ओळख पटली अशी प्रकरणं तीन टक्क्यांहून कमी भरली. तरी बहुतेक पोलिसांना तो सल्ला उपयोगी वाटला होता. का? आपण योग्य दिशेने चाललोय, हे कुणी बाहेरचं सांगितलं की बरं वाटतं म्हणून.

मग खुनी सापडतात कसे? मालिकेतच त्याचं उत्तर दडलंय, फक्त ते दाखवायची वेळ आली नाही. जवळजवळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला कॅन्ससमधला एक मिशीवाला, सुरक्षा-अलार्म कंपनीत काम करणारा माणूस दिसतो. त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि ‘त्याचं पुढे काय झालं?’ हा प्रेक्षकांचा सर्वांत लाडका प्रश्न. तो डेनिस रेडर. विचिटा आणि परिसरात १९७४ ते १९९१ या काळात त्याने १० जणांना मारलं. बायको, दोन मुलं, चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष. होल्डनच्या काळात तो सापडलाच नाही. मधली बरीच वर्षं गप्प राहिला. २००४ मध्ये त्याला पुन्हा पोलिसांना पत्रं पाठवायची हुक्की आली. एका पत्रात त्याने चक्क विचारलं, मी फ्लॉपी डिस्क पाठवली तर तुम्हाला माझा माग लागेल का? पोलिसांनी ठरल्याप्रमाणे वर्तमानपत्रात छोटी जाहिरात देऊन कळवलं, काही काळजी नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये फ्लॉपी आली. तिच्यातल्या पुसलेल्या फाइलमध्ये ख्राइस्ट लुथरन चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ एवढे दोन शब्द शिल्लक होते. चर्चच्या संकेतस्थळावर अध्यक्षाचं नाव. मुलीने विद्यापीठाच्या दवाखान्यात दिलेल्या जुन्या नमुन्यावरून डीएनए ताडून पाहिला आणि खेळ संपला. एकतीस वर्षांनी. हाच रेडर नंतर तक्रार करत होता की पोलीस माझ्याशी खोटं बोलले!

बर्कोविट्झ सापडला तो ब्रुकलिनमध्ये चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल झालेल्या दंडाच्या पावतीवरून. इंग्लंडातला सलग खून करणारा पीटर सटक्लिफ जानेवारी १९८१ मध्ये शेफील्डला सापडला तो गाडीवर खोटी नंबरप्लेट होती म्हणून; त्याआधी पोलिसांनी त्याची नऊ वेळा चौकशी करून त्याला सोडलेलं होतं. का सोडलं, हे जास्त महत्त्वाचं. मीच खुनी, असं सांगणारी एक टेप पोलिसांकडे आली होती, तिच्यातला आवाज ईशान्य इंग्लंडातल्या वेअरसाइडच्या बोलीचा. मग त्या बोलीत न बोलणारे संशयित आपोआप यादीत खाली गेले. टेप थिल्लरपणाने पाठवलेली होती. पाठवणाऱ्याला २००६ मध्ये शिक्षा झाली. खुनी असा असणार, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की समोर बसलेला खुनी दिसत नाही. होल्डनच्या आत्मविश्वासावर भाळलेल्यांनी सटक्लिफची फाइल जरूर वाचावी.

आता दुसरा सीझन. तो भरकटला असं तुम्हाला वाटतं. बिलच्या घरचं उपकथानक मला ओढूनताणून जोडल्यासारखं वाटलं, तिथे मी तुमच्याशी सहमत. पण अटलांटा शहरातल्या खुनांचं कथानक हा मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे. १९७९ ते १९८१ या काळात तिथे कृष्णवर्णीय मुलं, किशोर आणि काही तरुण मिळून किमान २८ जण मारले गेले. आयांनी आधी स्वतःच समिती काढली, कारण त्यांच्या मते शहराला आणि पोलिसांना घाई नव्हती. मारणारा गोरा, कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेतला असणार, असा बहुतेकांचा समज. डग्लसचं म्हणणं, तो कृष्णवर्णीयच असेल, कारण गोरा माणूस त्या वस्त्यांमध्ये लगेच नजरेत आला असता. हा तर्क चांगला होता, पण तो साध्या व्यवहारज्ञानातून आलेला. गस्तीवरच्या कुठल्याही हवालदाराने तोच केला असता.

मालिकेत पुलांवरच्या पाळत ठेवण्याचे प्रसंग लांबतात, त्याला लोक वैतागतात. प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. मृतदेहांवर विशिष्ट धागे सापडतायत, ही बातमी वर्तमानपत्रात फुटली. त्यानंतर मृतदेह कपडे काढून नदीत टाकले जाऊ लागले, म्हणजे धागे वाहून जावेत. म्हणून पुलांवर पाळत. २२ मे १९८१ च्या पहाटे तीनच्या सुमारास चॅटाहूची नदीवरच्या पुलाखाली बसलेल्या शिकाऊ पोलिसाला पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला, वर हळूहळू जाणारी गाडी. वेन विल्यम्सला थांबवलं, चौकशी केली, सोडलं. दोन दिवसांनी नदीत खाली २७ वर्षांच्या तरुणाचा मृतदेह मिळाला. पुढे विल्यम्सच्या घरातल्या गालिच्याचे हिरवट धागे आणि कुत्र्याचे केस यांवर खटला उभा राहिला. त्या धाग्याचा आडवा छेद वेगळाच होता. कोणत्या कारखान्याने तो काढला, त्याचा गालिचा कुणी विणला, किती विकला, असं मागे मागे जात हिशेब मांडावा लागला. सूक्ष्मदर्शकाखालचं हे काम दाखवायला कुणी मालिका काढत नाही.

फेब्रुवारी १९८२ मध्ये विल्यम्स दोषी ठरला, पण दोन प्रौढ तरुणांच्या खुनासाठी. मुलांच्या खुनांचा खटला त्याच्यावर कधी चाललाच नाही. बहुतेक फायली त्याच्या नावावर टाकून बंद झाल्या. कित्येक आयांनी ते तेव्हाही मानलं नाही. मार्च २०१९ मध्ये अटलांटाच्या महापौर केशा लान्स बॉटम्स यांनी पुरावे नव्या तंत्राने पुन्हा तपासण्याची घोषणा केली, म्हणजे मालिकेचा दुसरा सीझन यायच्या काही महिने आधी. तुमचे यजमान म्हणतात की खुनी सापडूनही सापडल्यासारखं वाटत नाही. त्या शहरातल्या लोकांनाही अगदी तसंच वाटतं. दिग्दर्शकाने ते जसंच्या तसं ठेवलं, टाळ्यांचा शेवट केला नाही. मिरवणुकीसाठी मागवलेले लाकडी क्रूस परवानग्यांच्या कागदांत अडकून उशिरा येतात आणि होल्डन ते ओढत धावतो, तो प्रसंग पाहताना सरकारी खात्यात नोकरी केलेला प्रत्येक माणूस कसनुसा हसला असेल.

‘आपल्याकडे असं का नाही झालं?’ असंही प्रश्नात होतं. झालंय, वेगळ्या वाटेने. १९६८ मध्ये मुंबईत सलग खून करणाऱ्या रामन राघवला पकडल्यावर तो बोलेना. हवं काय, असं विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली. ती पोटभर खाल्ल्यावर डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला, आणि मग स्वतःच सांगू लागला. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या हाताखालच्या त्या तपासात ५७ पानांचा तक्ता नव्हता, पण समोरच्याला माणूस म्हणून काय लागतं ते ओळखणारी नजर होती. पुढे उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करवली आणि १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. मात्र एक मोठा फरक ध्यानात ठेवा. आपल्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे द्यावा लागतो, किंवा आरोपीने दाखवलेल्या जागेवरून काही हस्तगत झालं तर तेवढा भाग धरला जातो. म्हणून आपल्या तपासाचा जीव पंचनाम्यात असतो, गप्पांत नाही.

आणि अमेरिकन साचा इथे बसतोच असं नाही. कोल्हापूरच्या गावित मायलेकींनी १९९० ते १९९६ या काळात मुलं पळवली ती चोऱ्या करताना ढालीसारखी वापरायला, आणि अडचण झाली की मारली. तिघी बायका, त्यांतली एक आई, हेतू पाकीटमारीचा. त्या ३६ पुरुषांच्या अभ्यासातून हे प्रकरण कुणाला उलगडलं नसतं. उलगडलं ते साथ देणारा जावई माफीचा साक्षीदार झाल्यामुळे.

मुलीबद्दल. भारतात पोलीस दलात ‘प्रोफायलर’ नावाचं पद नाही, हे तिला आधीच सांगून टाका. आहे ते असं: न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांमधला मानसशास्त्र विभाग, जिथे पॉलिग्राफसारख्या खोटं पकडायच्या चाचण्या होतात, आणि त्याही २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर संमतीशिवाय करता येत नाहीत. त्याखेरीज तुरुंगातलं समुपदेशन, बालन्याय मंडळांसाठीचे अहवाल, पीडितांबरोबरचं काम. मानसशास्त्रात बीए-एमए करून मग न्यायसहायक मानसशास्त्राकडे वळता येतं. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात तसे अभ्यासक्रम आहेत, त्याची एक शाखा गोव्यातही आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. संख्याशास्त्राचा कंटाळा करू नको म्हणावं. आणि मराठी चांगलं ठेव म्हणावं, ग्रामीण बोलीसकट, कारण समोरचा माणूस ज्या बोलीत खोटं बोलतो ती बोली आपल्याला यायला हवी.

राहिला तिसरा सीझन. २०२० च्या सुरुवातीला कलाकारांना करारातून मोकळं केलं गेलं, आणि मालिकेचा निर्माता-दिग्दर्शक डेव्हिड फिंचरने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की प्रेक्षकसंख्येच्या मानाने खर्च फार होता. तेव्हा तुमच्या यजमानांना पुन्हा एकदा बसवायचं असेल, तर पहिल्यापासून नको. दुसऱ्या सीझनचे शेवटचे तीन भाग लावा, आणि सुरुवातीला दिसणारा तो मिशीवाला कोण, ते त्यांना आधी सांगून ठेवा.